चुकांची वही ठेवणारे वाचनालय

दादर पश्चिमेला, फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढत पुढे गेल्यावर लागणाऱ्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर कॉमिक्स भाड्याने देणारे एक वाचनालय आहे. जागा जेमतेम दहा फूट बाय चौदा फूट, तीन भिंतींना छतापर्यंत लोखंडी रॅक, मधे एक लाकडी बाकडे आणि दाराशी टेबलामागे मालक, ज्यांना सगळे सभासद स्वतःच्या वयाचा विचार न करता ‘काका’ म्हणतात. गेल्या जूनपासून मी तिथला सभासद आहे, माझ्या कार्डावर माझा आठवीतला भाचाही पुस्तके नेतो, आणि एव्हाना आम्ही दोघांनी मिळून तिथला साधारण चौथा हिस्सा वाचून काढला आहे. त्या अनुभवावर हे परीक्षण लिहितो आहे. वाचनालयाचे नाव देत नाही, कारण पुढे दोन तक्रारी आहेत आणि मला तिथे यापुढेही जायचे आहे.

आधी व्यवहाराचे सांगतो. अनामत हजार रुपये, महिन्याची वर्गणी तीनशे, त्यात आठ सुटे अंक किंवा दोन जाडजूड संग्रह. अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाठीशी पुठ्ठा घालून मिळतात. पावसाळ्यात प्रत्येक रॅकवर दमट हवा शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये सत्तरच्या दशकातले मूळ अंक घरी नेऊ देत नाहीत, बाकड्यावर बसून वाचावे लागतात. मुंबईच्या हवेत वर्तमानपत्री कागदाचे काय होते हे ज्यांनी माळ्यावरचे गठ्ठे सोडून पाहिले आहेत, त्यांना या नियमाचा राग येणार नाही.

पण या वाचनालयाचे वेगळेपण त्याच्या मांडणीत आहे. सुपरहिरो कॉमिक्सची दुकाने साधारणपणे नायकांप्रमाणे लावलेली असतात, आणि कट्टर वाचक घरी ती कथेतल्या घटनाक्रमाने लावतात, म्हणजे नायकाचे बालपण आधी, मग शक्ती मिळाली ती गोष्ट, मग पहिली लढाई. काकांनी सगळे अंक छापल्या तारखेप्रमाणे लावले आहेत, मग त्यात नायकाचे बालपण सांगणारा अंक चाळीस वर्षांनंतरच्या खणात का जाईना. मी पहिल्याच दिवशी याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “गोष्ट कशी घडली हे लेखक सांगतो. गोष्ट कशी बदलली हे तारीख सांगते.” जिथे जिथे प्रकाशकाने आधीची हकिकत रद्द केली किंवा मागे जाऊन बदलली, तिथे त्यांनी रॅकच्या कडेला लाल चिकटपट्टी लावली आहे. या मागे जाऊन केलेल्या बदलाला इंग्रजी वाचकांनी ‘रेटकॉन’ असे नाव दिले आहे आणि काकांच्या टेबलाशी तो शब्द इतका रुळला आहे की सुट्या पैशांचा हिशेब चुकला तरी तो वापरला जातो.

टेबलाच्या डाव्या कोपऱ्याला, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी लांबट वही दोरीने बांधलेली आहे. तिच्यावर ‘चुका’ एवढेच लिहिले आहे. डावीकडच्या पानावर सभासदाने सापडलेली विसंगती लिहायची: अंक, पान, चौकट आणि चूक. उजवीकडचे पान दुसऱ्या कुणासाठी रिकामे सोडायचे. त्याने ती चूक कथेच्या आतल्याच नियमांनी पटेल अशी समजावून द्यायची. चूक दाखवणाऱ्याला एक अंक फुकट, आणि ती समजावून देणाऱ्याला दोन. ही कल्पना काकांची स्वतःची नाही. मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाचे संपादक स्टॅन ली १९६०च्या दशकात असेच एक ‘बक्षीस’ देत असत, ज्याचे नावच ‘बक्षीस नाही’ अशा अर्थाचे होते. पुढे पुढे तर विजेत्याला टपालाने एक पाकीट यायचे, बाहेर अभिनंदनाचा मजकूर छापलेला आणि आत काहीही नाही. काकांनी त्यात फुकट अंकाची भर घातली, ती मला मुंबईच्या स्वभावाला धरून वाटते.

ही वही वाचण्यासाठी मी वर्गणीच्या दुप्पट पैसेही दिले असते. सुपरहिरो कॉमिक्सवर विश्वास ठेवणे म्हणजे नेमके काय, याचा इतका चोख दस्तऐवज मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कोलरिज या इंग्रज कवीने १८१७ साली, वाचक स्वखुशीने आपला अविश्वास काही काळ बाजूला ठेवतो, असे म्हटले होते, आणि तेव्हापासून प्रत्येक अचाट गोष्टीच्या बचावासाठी ते वाक्य पुढे केले जाते. आपल्याला हे समजायला कोलरिजची गरज नव्हती. कोकणातल्या दशावतारात रंगमंचावर एक बाकडे असते आणि तेच राजाचे सिंहासन असते, हे गावातले पाच वर्षांचे पोरही मान्य करते. बालगंधर्व लुगडे नेसून उभे राहिले की समोरच्याला पुरुष दिसत नसे. पण त्याच दशावतारात सिंहासन ठरलेल्या बाकड्यावरून एखादा शिपाई विडी ओढत पाय टाकून गेला, तर तेच पोर हसते आणि मांडवातला खेळ तिथेच मोडतो. बाकड्याचे सिंहासन झाले याला कुणाची हरकत नव्हती, ते मधेच पुन्हा बाकडे झाले याला आहे.

वहीतल्या बहुतेक नोंदी याच जातीच्या आहेत. माणूस उडतो कसा, असे कुणीही लिहिलेले नाही. उडणे ही उधारी आहे, ती पहिल्या पानावरच दिली गेली. तक्रार आहे ती नंतरच्या हिशेबाची. आणि “अहो, जिथे माणूस उडतो तिथे एवढं काय धरून बसायचं?” असे जे लोक म्हणतात, त्यांना माझे सांगणे आहे की उडायला परवानगी दिली म्हणून वाटेल तिथे उतरायला परवानगी दिली असे होत नाही.

उडण्याचा हा हिशेबसुद्धा सरळ नाही. सुपरमॅन जून १९३८च्या पहिल्या अंकात उडतच नव्हता. तो मैलाच्या आठव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे दोनशे मीटरची उडी मारायचा, आणि लेखकांनी त्याच पहिल्या कथेत मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार वाहते, नाकतोडा आपल्या लांबीच्या कितीतरी पट उडी घेतो, असा शास्त्रीय दाखला जोडला होता. उडणे नंतर चाळीसच्या दशकात आले. मग त्याच्या शक्तीचे मूळ आधी त्याच्या ग्रहावरच्या प्रगत वंशात आणि जड गुरुत्वाकर्षणात शोधले गेले, आणि १९६० साली ते आपल्या पिवळ्या सूर्याकडे देण्यात आले. काकांच्या रॅकवर हे सगळे एका रांगेत बोट फिरवून पाहता येते. माझे मत असे की यातला प्रत्येक बदल वाचकाने पचवला, कारण प्रत्येक वेळी त्याला कारण देण्यात आले आणि नंतर ते कारण पाळले गेले. सूर्य लाल असलेल्या जगात सुपरमॅनला पुढच्या कथांत शक्ती उरत नाही, म्हणजे नियम लेखकाच्याही आड आला.

वहीतली पहिल्या पानावरची नोंद हल्कची आहे. मे १९६२च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी रंगाचा आहे आणि दुसऱ्या अंकात हिरवा. कारण अगदी छापखान्याचे आहे: त्या काळच्या छपाईत राखाडी रंग पानोपानी एकसारखा उतरत नव्हता. पुढच्या अनेक पुनर्मुद्रणांत पहिला अंकही हिरवा करून टाकण्यात आला, म्हणजे चूक पुसली गेली. पण १९८०च्या दशकात लेखकांनी ती चूक परत वर काढली आणि हल्क सुरुवातीला खरोखरच राखाडी होता, ते त्याचे एक निराळे रूप होते, असे कथेतच मान्य केले. उजव्या पानावर कुणीतरी सुरेख बाळबोध अक्षरात हे सगळे लिहून खाली सही केली आहे. ज्या माणसाचा हा हल्क होतो त्याला, ब्रूस बॅनरला, १९६४च्या सुमारास काही ठिकाणी ‘बॉब’ म्हटले गेले. स्टॅन ली यांचा घोटाळा झाला होता. उपाय म्हणून त्याचे पूर्ण नाव ‘रॉबर्ट ब्रूस बॅनर’ असल्याचे जाहीर झाले आणि ते आजतागायत तसेच आहे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, घरी दुसरे आणि रेशनकार्डावर तिसरे असणाऱ्यांची संख्या पाहता मुंबईच्या वाचकाला हे स्पष्टीकरण फारच सहज पटावे.

सर्वांत जास्त शाई ज्या अंकावर खर्च झाली आहे तो म्हणजे जून १९७३चा स्पायडरमॅनचा १२१वा अंक. मूळ अंक काकांकडे नाही, संग्रह आहे. तो मी तीनदा नेला. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पीटर पार्करच्या, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनच्या, प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या मनोऱ्यावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळे सोडतो, ते तिच्या पायाला चिकटते, ती पाण्यावर आदळण्याआधी थांबते. तो तिला वर ओढतो आणि ती मेलेली असते. चौकट बारकाईने पाहा: तिचे डोके मागे झुकलेले, केस खाली लोंबलेले, आणि मानेपाशी अगदी लहान अक्षरांत, मोडल्याचा आवाज सांगणारा एक शब्द. इतर अंकांत हे आवाजाचे शब्द अर्धी चौकट व्यापतात. हा शब्द मी पहिल्या वाचनात चुकवला होता. भाच्याने दाखवला.

याच प्रसंगात तीन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत आणि तिन्ही वहीत आहेत. पहिली ठिकाणाची. मजकूर पुलाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन पूल असे देतो, चित्रातले दगडी मनोरे मात्र उघडउघड ब्रुकलिन पुलाचे आहेत. मजकुरात वांद्रे-वरळी सागरी सेतू लिहावे आणि चित्रात वाशीचा खाडीपूल काढावा, असा हा प्रकार आहे. न्यूयॉर्कच्या वाचकाला तो किती खुपला असेल याची कल्पना करता येते. या नोंदीसमोरचे पान कोरे आहे आणि माझ्या मते कोरेच राहावे, कारण ही निव्वळ निष्काळजी आहे, हिला कथेच्या आतून कुणी कितीही सांधले तरी सांधा दिसणारच.

दुसरी गोष्ट कारणाची. गॉब्लिन स्वतः म्हणतो की एवढ्या उंचीवरून पडणारा खाली पोहोचण्याआधीच मरतो. हे धादांत खोटे आहे. आकाशातून पॅराशूट घेऊन उड्या मारणारे रोज ते खोटे पाडतात. पण खलनायक खोटे किंवा अडाणीपणाचे बोलू शकतो, म्हणून ही चूक त्याच्या नावावर टाकता येते आणि वहीत तशीच टाकली आहे. मानेपाशी लिहिलेला तो शब्द मात्र वेगळेच सांगतो, आणि चार अंकांनंतर वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना संपादकांनीही मान्य केले की जाळ्याने एकाएकी थांबवल्यामुळे बसलेल्या झटक्यानेच ती गेली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी २००५ साली आपल्या पुस्तकात हा प्रसंग गणिताने तपासला आणि तेही याच निष्कर्षाला आले. गणित दहावीच्या पुस्तकातले आहे. उंची नव्वद मीटर धरली तर खाली येईपर्यंत वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. तो अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा तर जाळ्याला तिच्या वजनाच्या साडेनऊपट जोर लावावा लागतो, आणि तोही पायाला धरून, मान मोकळी सोडून.

तिसरी गोष्ट भाच्याने बाकड्यावर बसून विचारली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. “मामा, मग याआधी अकरा वर्षं त्याने ज्यांना ज्यांना जाळ्यात पकडलं, त्यांच्या माना कशा नाही मोडल्या?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले होते, पण काकांनी चष्म्यावरून पाहत वहीकडे बोट केले. तिथे हा प्रश्न आधीच होता, आणि समोर तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत तीन उत्तरे. एकाने लिहिले होते की बाकीचे लोक कमी उंचीवरून पडले. दुसऱ्याने, की जाळे एरवी ताणले जाते, इथे घाईत आखूड सुटले. तिसऱ्याचे उत्तर असे: गुरुत्वाकर्षण आधीही होतेच, फक्त लेखकाने त्याची वसुली केली नव्हती; एकदा केल्यावर मात्र ती माफ करता येणार नाही. हे तिसरे उत्तर मला पटते. नंतरच्या काही कथांत स्पायडरमॅन पडणाऱ्या माणसाबरोबर स्वतः झेप घेऊन, वेग जुळवून मग त्याला धरतो, म्हणजे १९७३ साली भरलेली किंमत कथा विसरलेली नाही. अकरा वर्षे मोडला जाणारा एक नियम अचानक पाळला गेला आणि वाचकाला त्यात फसवणूक वाटली नाही, वाटले ते दुःख, याचे कारण मला तरी इथे दिसते.

याच्या उलट उदाहरण पाहायचे असेल तर डीसीच्या, म्हणजे सुपरमॅनच्या प्रकाशकाच्या, रॅककडे, १९८५ सालच्या लाल पट्टीपाशी उभे राहावे. तोवर या प्रकाशनाच्या कथांत अनेक समांतर पृथ्व्या झाल्या होत्या. १९६१च्या एका अंकात फ्लॅश नावाचे जुने आणि नवे असे दोन सुसाट धावणारे नायक एकमेकांना भेटावेत म्हणून दुसरी पृथ्वी कल्पिली गेली आणि मग त्या वाढतच गेल्या. मार्व्ह वुल्फमन या लेखकाने आणि जॉर्ज पेरेझ या चित्रकाराने बारा अंकांच्या मालिकेत त्या सगळ्या मोडून एकच पृथ्वी ठेवली. साफसफाई म्हणून हेतू उत्तम होता. पण घर रंगवायला काढल्यावर जसे कपाट हलवले की मागची ओल दिसते, तसे झाले.

डॉना ट्रॉय, म्हणजे ‘वंडर गर्ल’ या नायिकेचे पाहा. तिचा जन्मच चुकीतून झालेला आहे. वंडर वुमनच्या अंकांत ‘वंडर गर्ल’ म्हणजे वंडर वुमनचेच लहानपण होते. १९६५ साली बॉब हेनी या लेखकाने ती निराळी मुलगी समजून तिला तरुण नायकांच्या गटात घातले. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, ही चूक निस्तरण्यासाठी तिला नाव आणि पूर्वकथा देण्यात आली: जळत्या इमारतीतून वंडर वुमनने वाचवलेले अनाथ बाळ. ही पूर्वकथा लिहिणारा लेखक म्हणजे तोच मार्व्ह वुल्फमन. आणि त्याच्याच साफसफाईनंतर, १९८७ साली, वंडर वुमनची कथा नव्याने सुरू झाली, त्यात ती माणसांच्या जगात पहिल्यांदाच पाऊल ठेवते. मग कितीतरी वर्षे नायिका म्हणून वावरलेल्या डॉनाला लहानपणी आगीतून वाचवले कुणी? उत्तर म्हणून तिला आधी ग्रीक पुराणातल्या टायटन देवांनी वाढवल्याचे ठरले, नंतर ती वंडर वुमनचीच जादूने केलेली प्रतिकृती असल्याचे ठरले. तिच्या नावाची वहीत चार पाने आहेत. कुणीतरी शेवटी लिहिले आहे, “हिला आता वारस दाखला मिळणे अशक्य.” काकांनी त्याला दोन अंक फुकट दिले. नियमात हे बसत नव्हते, पण मी हरकत घेतली नाही.

काळाच्या हिशेबाबद्दल वाचक उदार असतो, हे वहीवरून स्पष्ट दिसते. १९६२ साली पंधरा वर्षांचा असलेला पीटर पार्कर आज ऐंशीच्या उंबरठ्यावर असायला हवा. तो तिशीच्या आसपास आहे याबद्दल एकही नोंद नाही. व्हिएतनाममध्ये जखमी झालेला आयर्न मॅन नंतर दुसऱ्या युद्धांत जखमी झाला असे दाखवले गेले, त्यावर एकच नोंद आहे आणि तीही मिश्कील. गणपती दरवर्षी तेवढ्याच वयाचा येतो, असे काका म्हणाले.

पण माणसाच्या स्वभावाची मोडतोड कुणीही माफ केलेली नाही. १९८७ साली पीटर आणि मेरी जेन यांचे लग्न झाले. २००७ साली, मरणाच्या दारातल्या मे काकूला वाचवण्यासाठी, मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून ते लग्न जगाच्या स्मृतीतून पुसण्यात आले. यात जादू आहे म्हणून कुणाचा आक्षेप नाही, मार्व्हलच्या जगात जादू पहिल्यापासून आहे. ज्या मुलाने आपल्या बेन काकांच्या मृत्यूची जबाबदारी आयुष्यभर खांद्यावर वाहिली, तो आपल्या निर्णयाची किंमत दुसऱ्या कुणाकडून वसूल करून मोकळा होतो, ही खरी विसंगती आहे, आणि तिच्यापुढे पुलाची चूक किरकोळ ठरते. या अंकावर काकांनी लाल पट्टीवर आणखी एक लाल पट्टी चिकटवली आहे. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते, हे प्रसिद्ध वाक्यसुद्धा १९६२च्या मूळ कथेत बेन काका उच्चारत नाहीत, ते शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात येते. बेन काकांच्या तोंडी ते नंतर घालण्यात आले. ही मागे जाऊन केलेली भर मात्र सगळ्यांनी आनंदाने स्वीकारली, कारण ते वाक्य बेन काकांच्या तोंडी शोभते.

खिडकीजवळचा खण देशी मालाचा आहे आणि तो मला जरा उपेक्षित वाटला. टाइम्स समूहाने मुंबईतून १९६४ साली सुरू केलेल्या आणि १९९० साली बंद पडलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक तिथे आहेत, पण तारखांचा क्रम तिथे पाळलेला नाही. माझ्या पिढीने वेताळ, म्हणजे मूळ इंग्रजीतला फँटम, तिथे वाचला. वेताळ अमर आहे असे जंगल मानते, आणि वाचकाला माहीत असते की बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, असे एकवीस पिढ्या चालले आहे. सुपरहिरोच्या अमरत्वाचा यापेक्षा स्वच्छ हिशेब मला दुसरा माहीत नाही. मात्र हे जंगल आहे कुठे? मूळ चित्रपट्टीत ते आशियातून हळूहळू आफ्रिकेत सरकले, वाघ तसेच राहिले, आणि इंद्रजालने आणखी काळजी घेऊन त्या देशाचे नाव ‘डेंकाली’ करून टाकले, कारण मूळ नाव बंगालच्या फार जवळ जात होते. आम्हाला लहानपणी यातले काहीही खटकले नाही. भूगोलाचे पुस्तक वेगळ्या दप्तरात होते.

त्याच खणात २००४ सालचे भारतीय स्पायडरमॅनचे चार अंक आहेत, ज्यात पवित्र प्रभाकर नावाचा मुलगा खेड्यातून मुंबईत येतो आणि एका योग्याकडून त्याला शक्ती मिळते. धोतरावर चढवलेला तो वेश देखणा आहे. कोळ्याच्या दंशाऐवजी योगी आला, यालाही माझी हरकत नाही, कारण खलनायकाची शक्तीही तिथे मंत्रतंत्रातूनच येते आणि जग एका सुरात राहते. माझी अडचण निराळी आहे. पीटरला शक्ती अपघाताने मिळाली, म्हणून तिचे काय करायचे हे त्याला स्वतः ठरवावे लागले; पवित्रला ती निवडून दिली गेली, म्हणजे जबाबदारीही बरोबर पाकिटातच आली. वाक्ये तीच राहिली तरी त्यांचे वजन बदलले. भाच्याची अडचण आणखी व्यवहारी होती. “मामा, दादरला जाळं चिकटवणार कशाला? परळच्या टॉवरपर्यंत त्याला बसनेच जावं लागेल.”

आता तक्रारी. पहिली, संग्रहांची निगा असमान आहे. मी नेलेल्या एका खंडात शेवटची सोळा पाने सुटी होती आणि त्यातली दोन नव्हतीच. कथेचा उलगडा नेमका त्यांवर होता. काकांनी पैसे परत केले, पण तोच खंड पुढच्या आठवड्यात मला पुन्हा रॅकवर दिसला, त्यावर कसलीही सूचना नव्हती. ज्या ठिकाणी लेखकाने गाळलेल्या दुव्यासाठी पान पान लिहिले जाते, तिथे बाइंडरने गाळलेल्या पानांबद्दल एक चिठ्ठी लावायला हवी होती.

दुसरी तक्रार उशिराच्या दंडाची. मी सभासद झालो तेव्हा दंड दिवसाला पाच रुपये होता आणि तो कार्डाच्या मागे छापलेला आहे. डिसेंबरात माझ्याकडून दहा घेतले. मी कार्ड पुढे केले, तेव्हा काका म्हणाले की दर ऑक्टोबरपासून दहाच आहे आणि कार्डे जुनी आहेत. मी वही मागितली, डाव्या पानावर नोंद केली: कार्ड, मागची बाजू, दुसरी ओळ, दंड पाचाचा दहा झाला, कारण दिलेले नाही. काकांनी ती वाचली आणि काही न बोलता पाच रुपये परत केले. जानेवारीत नवी कार्डे आली, त्यांवर दहा छापले आहे आणि तारीखही आहे.

वाचनालय सोमवारी बंद असते, बाकीचे दिवस दुपारी चार ते रात्री नऊ. शनिवारी संध्याकाळी बाकड्यावर जागा मिळत नाही. ज्यांना नवे, चकचकीत अंक लगेच हवेत त्यांनी इथे येऊ नये, ते इथे पाच-सहा महिन्यांनी येतात. लहान मुलांसाठी वेगळे काही नाही, पण ज्या मुलाला प्रश्न पडतात त्याला इथे कुणी गप्प करत नाही.

भाच्याने गेल्या महिन्यात आपली पहिली नोंद केली. सुपरमॅन आख्खी इमारत एका कोपऱ्याला धरून उचलतो. गिरगावातली आमची चार मजली चाळ तशी उचलली तर हातात फक्त कोपरा राहील, बाकीची चाळ खाली. दोन आठवड्यांनी उजव्या पानावर हिरव्या शाईत उत्तर आले की १९९३ साली आलेल्या नव्या सुपरबॉयला स्पर्शातून वस्तूवर ताबा मिळवणारी मनःशक्ती आहे, हात लावताच ती सगळ्या वस्तूभर पसरते, आणि सुपरमॅनचेही तसेच समजावे. भाच्याने त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिले, “ती सुपरबॉयची. सुपरमॅनच्या अंकात दाखवा.” हिरव्या शाईवाले गृहस्थ त्यानंतर दोनदा येऊन गेल्याचे कळले. नोंदीसमोर काकांनी अजून बरोबरची खूण केलेली नाही.